लेव्हल लोखंडात की हिशेबात?

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक इथे १०० बाय ११० मीटरची रेडिओ दुर्बीण आहे. तिचा सुमारे ७,७०० टनांचा डोलारा ६४ मीटर व्यासाच्या गोल पोलादी रुळावर फिरतो. डोलाऱ्याला चार कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्याखाली चार चाकं, अशी एकूण सोळा. रूळ म्हटल्यावर रेल्वेचा रूळ डोळ्यांपुढे येतो, तसा हा नाही. काँक्रीटच्या कड्यावर ग्राऊट, म्हणजे फट भरून घट्ट होणारा लगदा, त्यावर जाडजूड बेस प्लेट आणि तिच्यावर बोल्टांनी आवळलेली झिजपट्टी. चाक फिरतं ते या झिजपट्टीवर.

१९८८ च्या नोव्हेंबरात याच आवारातली ३०० फुटी दुर्बीण एका गसेट प्लेटने दगा दिल्यामुळे कोसळली. त्यानंतर ही नवी आली. ऑगस्ट २००० मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि काही वर्षांतच रुळाने त्रास द्यायला सुरुवात केली. झिजपट्ट्या चाकाखाली सरकायच्या, बोल्ट तुटायचे, दोन प्लेटा एकमेकींवर घासून खात सुटायच्या. अखेर २००७ च्या उन्हाळ्यात निरीक्षणं बंद ठेवून रूळ नव्याने बांधला. झिजपट्ट्या जाड केल्या, त्यांचे सांधे खालच्या बेस प्लेटच्या सांध्यांवर येणार नाहीत असे सरकवून घेतले, बेस प्लेटचे सांधे वेल्डिंगने जोडले आणि खाली इपॉक्सी ग्राऊट भरलं.

एवढं झाल्यावर रूळ ‘बरोबर’ झाला हे ठरवायचं कसं? यावर मामा आणि भाची यांचं एकमत होणं शक्यच नव्हतं. मामांनी उमेदीची वर्षं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत अवजड क्रेनचे रूळ बसवण्यात घालवली आहेत. भाची रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करते आणि ग्रीन बँकच्या दुर्बिणीवर तिने दुरून, संगणकावरून निरीक्षणं घेतली आहेत. मी त्यांचा वाद ऐकायला होतो, पण मधे तोंड घातल्याशिवाय मला राहवत नाही.

भाची : मामा, रूळ सपाट आहे की नाही याच्याशी मला खरं म्हणजे देणं-घेणं नाही. मला हवंय ते एवढंच, की आज जिथे उंचवटा आहे तिथेच तो उद्याही असावा. रोज तीच चूक होत असेल तर मी ती मोजते, तक्ता करते आणि दुर्बिणीला सांगते, या दिशेला आलीस की इतकं वजा कर. विषय संपला.

मामा : हे तू मला सांगतेस? क्रेनचा रूळ दोन मिलिमीटर वर आहे, पण रोज दोनच मिलिमीटर वर आहे, असं मी इन्स्पेक्टरला सांगितलं असतं तर त्याने मला घरी पाठवलं असतं.

भाची : क्रेनला तक्ता वाचता येत नाही. दुर्बिणीला येतो.

मामा : बरं. मग सांग, तुमच्या कामाला किती लेव्हल पुरते? आकडा बोल.

भाची : ते कुठल्या तरंगलांबीवर काम करतोय त्यावर आहे. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या रेषेवर या दुर्बिणीची शलाका, म्हणजे एका वेळी तिला दिसणारी आकाशाची पट्टी, साधारण ९ कला रुंद असते. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग विकला. तिथे चार-दोन विकलांची चूक कुणाला कळतही नाही. पण तीच दुर्बीण ९० गिगाहर्ट्झला नेली की शलाका होते ८ विकलांच्या थोडी वर. आता रुळाचा हिशेब कर. ६४ मीटरवर एक मिलिमीटरचा फरक म्हणजे सव्वातीन विकलांच्या आसपास कल. शलाका तेवढी सरकली तर स्रोताकडून मिळणाऱ्या सिग्नलचा तिसरा हिस्सा गेला.

मामा : एका मिलिमीटरला?

भाची : एका मिलिमीटरला. म्हणून शलाकेच्या दहाव्या भागाइतकी चूक चालेल असं धरतात, तेव्हा नुकसान तीन टक्क्यांच्या आत राहतं. दहावा भाग म्हणजे एक विकलासुद्धा नाही. एवढा सपाट रूळ घडवून त्यावर ७,७०० टन वर्षानुवर्षं फिरवणार कोण? तक्ता लागणारच.

मामा : तक्ता लागणार हे मान्य. माझा आक्षेप पुढचा आहे. चाकामागे वजन किती येतं?

भाची : सरासरी पावणेपाचशे टनांच्या वर.

मामा : आणि जर्मनीतली ती दुसरी शंभर मीटरची?

भाची : एफेल्सबर्ग. रुळाचा व्यास तिचाही ६४ मीटर, पण वजन ३,२०० टन आणि चाकं बत्तीस.

मामा : म्हणजे चाकामागे शंभर टन. व्यास तोच आणि चाकाचा भार जवळजवळ पाचपट. ग्रीन बँकच्या झिजपट्ट्या का सरकत होत्या, हे मला आता कुणी समजावून सांगायला नको. मोठा भार चाकाखालची प्लेट लाटत नेतो. प्लेट पुढे ढकलली जाते, चाक उलट फिरलं की मागे येते, आणि बोल्ट त्यात मधल्या मधे कापला जातो. अशा रुळाचा तू तक्ता केलास तर तो कुठल्या दिवसाचा? प्लेट सरकलेली असतानाचा की परत आलेली असतानाचा?

इथे भाची थोडी थांबली. मला वाटतं मामांच्या सगळ्या बोलण्यात सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता. हिशेबाने दुरुस्त होते ती स्थिर चूक. चूकच जागा बदलत असेल तर तक्ता निरुपयोगी ठरतो, किंबहुना घातक ठरतो, कारण तो आहे या भरवशावर माणसं निर्धास्त राहतात. २००७ चं काम दुर्बीण अधिक सपाट जमिनीवर आणण्यासाठी होतं असं समजणारे बरेच भेटतात. खरी गरज रूळ जागच्या जागी राहण्याची होती. त्या अर्थी भाचीच्या ‘रोज तीच चूक’ या मागणीसाठीच मामांच्या धंद्यातल्या लोकांना घाम गाळावा लागला.

भाची : मान्य. म्हणून तर नव्या रुळावर पहिली मोजणी कलमापकाची. डोलाऱ्यावर इन्क्लिनोमीटर बसवायचे, दोन्ही दिशांचे कल मोजणारे. मग दुर्बीण सावकाश, एकाच गतीने, पूर्ण ३६० अंश फिरवायची. एकदा घड्याळाच्या दिशेने आणि एकदा उलट.

मामा : उलट कशाला?

भाची : इन्क्लिनोमीटरला कल आणि धक्का यांतला फरक कळत नाही. वेग बदलला तरी तो कल समजतो. शिवाय त्याचं उत्तर थोडं मागाहून येतं. दोन्ही दिशांच्या फेऱ्या एकावर एक ठेवल्या की मागे राहिलेला भाग उघडा पडतो. आणि हे सगळं रात्री, वारा पडलेला असताना. दिवसा एका बाजूचे पाय उन्हात तापतात. डोलाऱ्याचा वर-खाली फिरण्याचा अक्ष जवळपास ५० मीटर उंचीवर आहे. तेवढ्या उंचीच्या पोलादाचं तापमान एका बाजूला एकाच अंशाने वाढलं तरी ते अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लांबतं. ढोबळ हिशेबाने दोन-अडीच विकला गेल्या, आणि रुळाचा त्यात काही दोष नाही.

मामा : पूर्वी आम्हीही शेडचे पत्रे तापायच्या आत, सकाळी सातला लेव्हल घ्यायचो. पुढे?

भाची : आलेल्या आलेखातून आधी एक मोठी लाट काढून घ्यायची, एका फेरीत एकदा वर, एकदा खाली. ती रुळाची नव्हे, सगळा उभा अक्षच किंचित कललेला असल्याची खूण. ती गेल्यावर उरतात त्या बारीक लाटा. त्या रुळाच्या. दर दिगंशाला, म्हणजे दुर्बीण आडवी ज्या दिशेला वळली आहे त्या कोनाला, एक आकडा, झाला तक्ता.

मामा : आणि कलमापक ठेवलास कुठे? मधोमध?

भाची : समज, मधोमध.

मामा : मग तुला अर्धा रूळ दिसलाच नाही. कागद घे. रुळावर समोरासमोर दोन उंचवटे काढ, उत्तरेला आणि दक्षिणेला. पूर्वेला आणि पश्चिमेला तेवढेच दोन खड्डे. आता तुझे चार कोपरे बरोबर या चार जागांवर आणून उभे कर. मधे लेव्हल काय दाखवेल?

भाची : उत्तरेचा कोपरा वर, दक्षिणेचाही तितकाच वर... कल शून्य. पूर्व-पश्चिम दोन्ही खाली. तिथेही शून्य.

मामा : शून्य! आणि डोलारा मात्र पिळवटून निघतोय. चार पायांचं स्टूल वाकड्या फरशीवर ठेवलं तर ते डुगडुगतं, तीन पायांवर उभं राहतं. तुझ्या सात हजार टनांना डुगडुगण्याची सोय नाही, ते आपल्या वजनाने वाकून चारही पाय टेकवतात. आणि एका फेरीत चार उंचवटे, चार खड्डे असतील तर चारही कोपरे एकदम वर, एकदम खाली. लेव्हलचा बुडबुडा जागचा हलणार नाही.

भाचीने कागदावर तीन लाटांचंही चित्र काढून पाहिलं. तिथे समोरासमोरचे कोपरे विरुद्ध दिशांना जातात आणि कल ठळक दिसतो. म्हणजे चौकोनी डोलाऱ्याच्या मध्यावरचा कलमापक विषम लाटा पाहतो आणि सम लाटांना आंधळा राहतो. एवढ्या महागड्या उपकरणाला ही मर्यादा असावी याचं मला नवल वाटलं, पण ती उपकरणाची नाही, चौकोनाची आहे.

भाची : म्हणूनच मधोमध ठेवत नाहीत. तबकडीचा आडवा अक्ष ज्या दोन बेअरिंगांवर टेकतो, त्यांच्याजवळ दोन्ही बाजूंना एकेक बसवतात. पीळ पडला की एक बाजू पुढे झुकते आणि दुसरी मागे. दोन वाचनांची बेरीज म्हणजे कल, वजाबाकी म्हणजे पीळ. आणि पीळ वाईटच, कारण अक्षाचं एक टोक पुढे, दुसरं मागे गेलं की तबकडीचा दिगंशच बदलतो. दिगंश मोजणारा एन्कोडर मात्र खाली, मधल्या खुंटाशी असतो. त्याला वर काय झालं याचा पत्ताच नसतो.

मामा : तरी तुझी चार लाटांवाली राहिलीच.

भाची : राहू दे. सगळा डोलारा सरळ वर आला आणि सरळ खाली गेला तर दुर्बीण बघत होती तिथेच बघते. आकाश एवढं लांब आहे की मिलिमीटरभर उंची बदलल्याने काही बिघडत नाही.

मामा : तुझं आकाश बिघडत नाही. माझी झिजपट्टी बिघडते. त्या खड्ड्याखाली ग्राऊट पोकळ झालं असेल तर चाक आलं की प्लेट दबणार, गेलं की उठणार. दिवसातून किती वेळा?

भाची : त्याला तू काय केलं असतंस?

मामा : जे नेहमी करतो तेच. आधी हातोडी. प्लेटवर टकटक करत एक फेरी मारायची. भरीव जागा टणक वाजते, पोकळ जागा बद्द वाजते, फरक कानाला कळतो. खडूने खुणा करायच्या. मग काँक्रीटवर वेगळा स्टँड रोवायचा, रुळाला न शिवता, आणि त्यावरून डायल गेजची टोकणी प्लेटच्या कडेला टेकवायची. आता चाक हळू येऊ दे. काटा आधी किंचित उलटा जातो, कारण चाकाच्या पुढची प्लेट जराशी उचलते. मग चाक डोक्यावर आलं की काटा भर्रकन खाली येतो आणि चाक गेल्यावर परत वर. किती खाली गेला ते बघायचंच, पण मी बघतो तो शून्यावर परत आला का. नाही आला तर तिथे काहीतरी कायमचं बसलंय. सांध्यात फीलर गेजची पाती घालून बघायची. काल न जाणारी पाती आज गेली तर तुझ्या कलमापकाच्या कितीतरी आधी मला कळलं.

भाची : पण मामा, रूळ लेव्हल करताना सर्व्हेवाले दुर्बीण दुसऱ्या बाजूला नेतात आणि रिकाम्या रुळावर स्टाफ उभा करून वाचनं घेतात. तो झाला बिनभाराच्या रुळाचा आकार. दुर्बिणीला भाराखालचा आकार भोगावा लागतो. तो तुझ्या ऑटो लेव्हलला कुठे दिसतो?

मामा : नाही दिसत. म्हणून तर दोन्ही हवेत. बिनभाराचा आणि भाराखालचा. दोघांतला फरक जिथे जास्त, तिथे ग्राऊट बघा.

हे बोलल्यावर मामा खुशीत होते. भाचीने त्यांना फार वेळ खुशीत राहू दिलं नाही.

भाची : आता तुझं लोखंड शंभर टक्के पास झालं असं धर. तरी दुर्बीण कुठे बघतेय हे अजून कुणालाच माहीत नाही. ते आकाशच सांगणार. ज्यांच्या जागा आधीच विकलेच्या बारीक भागापर्यंत मोजलेल्या आहेत असे क्वेसार घ्यायचे, ३सी २८६ सारखे ठळक आणि टाचणीच्या टोकाएवढे. प्रत्येकावरून शलाका आडवी नेऊन परत आणायची, उभी नेऊन परत आणायची. सिग्नलचा उंचवटा कुठे आला आणि कुठे यायला हवा होता, हा फरक टिपायचा. असं सगळ्या आकाशभर, कमी उंचीवर, जास्त उंचीवर, चारही दिशांना. मग समीकरणात एकेक कारण वेगळं काढायचं. एन्कोडरचं शून्य चुकलंय, दोन अक्ष एकमेकांशी नेमके काटकोनात नाहीत, उभा अक्ष उत्तरेकडे इतका आणि पूर्वेकडे इतका कललाय, तबकडी झुकली की स्वतःच्या वजनाने लवते, वातावरण किरण वाकवतं. एकटं वातावरणच ४५ अंश उंचीवर कलाभर चूक आणतं.

मामा : मग रुळाच्या लाटाही त्याच समीकरणात टाक. तुझा कलमापक कशाला हवा?

भाची : नाही टाकता येत! एका स्रोताला काही मिनिटं जातात. रात्रभरात शे-दीडशे ठिपके मिळाले तर खूप, आणि तेही साऱ्या आकाशभर विखुरलेले. रुळाची चूक काही अंशांतच वर-खाली होते. ती पकडायला ठिपके फार विरळ. कलमापक एका फेरीत हजारो वाचनं देतो. उलट कलमापकाला तबकडीचं लवणं, काटकोन, वातावरण यातलं काहीच दिसत नाही. फक्त उभ्या अक्षाचा कल दोघांनाही दिसतो, आणि तिथे जपावं लागतं. दोन्हीकडून दुरुस्ती घातली तर एकच चूक दोनदा वजा होते.

मामा : ते जाऊ दे. रूळ बदलल्यावर तुमचा जुना तक्ता काढता ना?

भाची : म्हणजे?

मामा : म्हणजे जुन्या रुळाचे खड्डे गेले आणि ते भरून काढणारा आकडा संगणकात तसाच राहिला, तर तू नव्या सपाट रुळावर जुने खड्डे उलटे करून बसवलेस.

भाची : तो काढायचाच. नवा रूळ पहिल्यांदा मोजताना सगळे तक्ते बंद.

मामा : आणि नवा तक्ता लगेच लावणार?

भाची : लगेच. दुर्बीण महिनोन्महिने बंद होती, निरीक्षकांची रांग लागलेली असते.

मामा : मी नसता लावला. नवं ग्राऊट, नवे बोल्ट. पहिल्या काही महिन्यांत रूळ बसतो. तू तक्ता लावलास की तुझे क्वेसार बरोबर जागी दिसणार, सगळे खूश, आणि खाली रूळ कुठे खचतोय हे कुणी बघायला जाणार नाही. मग एक दिवस पॉइंटिंग बिघडलं की नवा तक्ता. पुन्हा बिघडलं, पुन्हा नवा. माझ्या दृष्टीने ही दुरुस्ती नाही, ही झाकाझाक आहे.

मी इथे मामांच्या बाजूचा आहे, पण अर्धाच. तक्ता लावू नका ही त्यांची मागणी अव्यवहार्य आहे. विज्ञानाचा वेळ वाया घालवून लोखंडाची परीक्षा घेत बसायला एवढी मोठी दुर्बीण कुणी बांधत नाही. पण जुना तक्ता फेकून नवा लावण्याच्या सवयीने रुळाचा इतिहास पुसला जातो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

भाची : बरं, असं करू. तक्ता लावायचा, पण दर काही महिन्यांनी एक फेरी तक्ता बंद ठेवून. कच्ची वाचनं तशीच जपून ठेवायची आणि आलेख पहिल्या फेरीच्या आलेखावर ठेवायचा. तक्ता किती मोठा झाला हे नाही बघायचं, कुठे बदलला हे बघायचं.

मामा : हां, आता बोललीस. जिथे बदलला तिथे माझा माणूस हातोडी घेऊन जाईल.

मग बोलता बोलता मामांनी विचारलं, आपल्या खोडदला हा त्रास कसा नाही? जुन्नर तालुक्यातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर त्यांनी एकदा सहलीतून चक्कर मारली होती आणि तिथे त्यांना रूळच दिसला नव्हता. भाचीने सांगितलं, तिथल्या तीसही अँटेना ४५ मीटरच्याच आहेत. तबकडी भरीव पत्र्याची नसून ताणलेल्या तारांवर बसवलेल्या जाळीची, त्यामुळे हलकी, आणि ती काँक्रीटच्या मनोऱ्याच्या डोक्यावर एकाच मोठ्या गोल बेअरिंगवर फिरते. शिवाय तिथली सर्वांत वरची वारंवारता १.४५ गिगाहर्ट्झ, तिथेही शलाका वीसहून अधिक कला रुंद. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी लांब तरंगलांबी निवडली आणि तिथेच अर्ध्या अडचणी दारातून परत गेल्या. मामांना हे फार आवडलं. आधी गरज किती ते ठरवा, मग लोखंड घ्या, असं ते दोनदा म्हणाले. भाचीने आठवण करून दिली की रेणूंच्या मिलिमीटर तरंगलांबीच्या रेषा बघायच्या असतील तर खोडदला जाऊन उपयोग नाही.

मामा : आणखी एक. त्या आलेखाशेजारी आणखी एक रकाना ठेव. चारही पायांचं तापमान.

भाची : रात्रीच घेतोय ना मोजणी.

मामा : रात्रीच घ्या. पण संध्याकाळी ऊन पश्चिमेच्या पायावर असतं आणि जाड पोलाद थंड व्हायला वेळ घेतं. नऊला घेतलेली फेरी आणि पहाटे चारला घेतलेली फेरी जुळली नाही, तर तुझी पोरं रुळाला दोष देतील आणि माझा माणूस उगाच हातोडी आपटत हिंडेल.

भाची : मग नऊची आणि चारची, दोन्ही घेऊ. जुळल्या नाहीत तर तापमानाचा रकाना बघू, आणि तरीही नाही जुळल्या तर तुझ्या माणसाला फोन.

मामा : फोन करताना दिगंश सांग. नुसतं ‘रूळ बिघडलाय’ म्हणू नकोस.